आईंच्या खोलीचा रंग

हिरवट राखाडी हा माझा आवडता रंग. पावसाळ्यात सह्याद्रीच्या काळ्या कातळावर शेवाळ धरतं, मग चार दिवस उघडीप मिळाली की ते सुकतं आणि कातळावर एक करडी-हिरवी झाक उरते. ती मला लहानपणापासून वेड लावत आली आहे. अजिंठ्याच्या चित्रांतही हा रंग आहे. तिथल्या चित्रकारांनी हिरव्यासाठी हिरवी माती वापरली, आणि तसा रंग देणारी सेलॅडोनाइटसारखी खनिजं आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये सापडतात. गेरूच्या तांबड्याला अगदी खेटून असला तरी तो हिरवा डोळ्यांवर येत नाही. पुण्यात एरंडवण्यातल्या एका जुन्या इमारतीत आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा भिंतींना हाच रंग द्यायचा हे माझं कधीच ठरलेलं होतं. फिकट द्यायचा की गडद, एवढंच ठरायचं होतं.

मी आधी फिकट घेऊन चुकले आणि मग गडद घेऊन चुकले. पहिल्या चुकीत पैसे गेले. दुसऱ्या चुकीत घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला, माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, कितीतरी दिवस त्रास झाला आणि तो माझ्या लक्षातही आला नाही. लिहायला बसले आहे ती या दुसरीसाठी. पण पहिली सांगितल्याशिवाय दुसरी कशी घडली ते कळणार नाही.

रंगाच्या दुकानात शेड कार्डाच्या एकाच पट्टीवर दोन्ही छटा होत्या. वरच्या टोकाला फिकट, खालच्या टोकाला गडद. दुकानात पांढऱ्या ट्यूबलाइट, बाहेर रहदारी, काउंटरवर माझ्यामागे आणखी दोघं उभे. फिकट छटा मला शांत वाटली आणि मी तिचा नंबर लिहून दिला. ती पट्टी घरी नेऊन भिंतीला लावून बघायचं सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. पण पेंटर दुसऱ्या दिवशी येणार होता आणि मला घाई होती.

या रंगाचा स्वभाव तेव्हा मला ठाऊक नव्हता. गर्द लाल किंवा हळदी पिवळा घेतला तर उजेड थोडा इकडचा तिकडे झाला तरी लाल लालच राहतो आणि पिवळा पिवळाच. हिरवट राखाडीत हिरव्याचा अंश चिमूटभर असतो, बाकी सगळा राखाडी. समोर झाड आलं, आभाळ भरून आलं, खाली तांबूस फरशी असली की ती चिमूट एकदम मोठी वाटायला लागते. पिवळ्या दिव्याखाली तीच नाहीशी होते आणि भिंत मातकट दिसते. आभाळाचा निळसर उजेड पडला तर भिंत थंड, स्टीलसारखी होते. म्हणजे हा रंग निवडायचा तर आधी आपली खोली वाचता आली पाहिजे.

आमचा हॉल उत्तरेला उघडतो. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा आणि निळसर असतो, हे मी घरसजावटीच्या मासिकांत वाचलं होतं. युरोपातल्या घरांना ते बरंचसं लागू पडतं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. शिवाय आमच्या गॅलरीसमोर मोठा पर्जन्यवृक्ष आहे. रंगकाम झालं मार्चमध्ये, तेव्हा त्याची पानं गळून फांद्या विरळ झाल्या होत्या आणि हॉलमध्ये स्वच्छ, कोरडा उजेड येत होता. रंग अगदी मनासारखा दिसला. मी बहिणीला फोटो पाठवले.

जूनपर्यंत झाड भरलं. पाऊस सुरू झाला, आभाळ झाकोळलं. आता खिडकीतून येणारा बराचसा उजेड त्या पानांवरून परतून किंवा पानांतून गाळून येत होता, म्हणजे मुळातच हिरवा होता. तो हिरव्या भिंतीवर पडायचा, तिथून समोरच्या हिरव्या भिंतीवर, तिथून पुन्हा इकडे, आणि प्रत्येक टप्प्याला हिरवेपणा वाढायचा. चारही भिंतींना एकच रंग दिला की कार्डावरच्या तुकड्यापेक्षा तो नेहमी जास्त गडद-गहिरा वाटतो याचं कारण हेच. त्यात भर म्हणून आमची फरशी जुनी, तांबूस ठिपक्यांची मोझेक. तांबड्याशेजारी ठेवलेला राखाडी आपोआप हिरवट दिसतो.

या शेवटच्या गोष्टीचा शोध लागला तो एका तक्रारीतून. मिशेल शेव्ह्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथे चित्रजवनिका विणल्या जात. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी काळा धागा तपासला. त्यात काही दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी शेजारशेजारच्या रंगांच्या परिणामांवर ग्रंथच लिहिला. हे मी नंतर वाचलं. रंग ठरवायच्या आधी कुणी मला एवढंच सांगितलं असतं की कार्ड भिंतीला लाव तसं फरशीवरही ठेवून बघ, तरी पुरलं असतं.

वर आम्ही बसवलेले एलईडी दिवे ६५०० केल्विनचे, निळसर पांढरे. रात्रीसुद्धा सुटका नाही.

एक दिवस आई हॉलमध्ये बसल्या होत्या. दुपार होती, बाहेर संततधार लागली होती. त्या म्हणाल्या, "अगं, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं. पण मला ते लागलं. माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात आईंनी दवाखान्याच्या बाकावर कितीतरी दुपारी काढल्या होत्या. सरकारी दवाखान्यांच्या भिंतींच्या खालच्या अर्ध्या भागाला मारलेला तो फिका हिरवा ऑइल पेंट आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. दवाखान्यांत हिरवा आला त्यालाही कारण होतं. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्याऐवजी हिरवा आणला, कारण रक्ताचा लाल सतत बघून थकलेल्या डोळ्यांना तो विसावा देतो. डॉक्टरांच्या डोळ्यांना विसावा देणारा तोच रंग बाकावर बसून वाट बघणाऱ्या बाईला मात्र वेगळंच काही आठवून देतो. मी तो तिच्या घरात आणून लावला होता.

इथे मी थांबून आईंशी बोलायला हवं होतं. मी मनाशीच निदान केलं की दोष फिकेपणाचा आहे. दवाखाने फिके असतात, म्हणून उपाय गडद.

तेवढ्यात एका मासिकात एक फोटो पाहिला. गडद हिरवट राखाडी भिंती, त्यावर पितळी दिवा, पुस्तकांची मांडणी, कोपऱ्यात सागवानी खुर्ची. फार सुंदर होता. त्या खोलीला एका बाजूने जमिनीपासून छतापर्यंत काचा होत्या आणि पलीकडे मोकळं आवार होतं, हेही फोटोत दिसत होतं. मी बघितलं ते फक्त भिंतींकडे. पट्टीच्या खालच्या टोकाचा नंबर मी दिला, हॉलसाठी आणि त्याबरोबर आईंच्या खोलीसाठीही. आईंच्या खोलीला तोवर जुना, पिवळसर पांढरा रंग होता आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण एकदा पेंटर लागलाच आहे तर दोन्ही खोल्या एकसारख्या होऊ देत, आईंनाही प्रसन्न वाटेल, असं मी ठरवून टाकलं. त्यांना मी कार्ड दाखवलं होतं. "कसा आहे?" असं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुला आवडला ना? मग छान आहे." याला मी होकार समजले. त्यांच्या पिढीतल्या बाईचं हे उत्तर म्हणजे होकार नसतो, हे इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहून मला कळायला हवं होतं.

पेंटरमामा सोलापूरकडचे, आयुष्य या कामात गेलेलं. डबा उघडून त्यांनी काडीने ढवळला, काडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "ताई, हॉलला चालंल एक वेळ. आज्जींच्या खोलीला नको. खोली अंधारंल."

मी म्हटलं, "मामा, चांगले दिवे लावू."

ते पुढे काही बोलले नाहीत. दिवेही मी लावले नाहीत. पडदे, खुर्चीची गादी, पितळी दिवा यांत खर्च होत गेला आणि दिव्यांचं राहून गेलं.

गडद रंगाचं काम कसं चालतं ते मी तेव्हा जवळून पाहिलं. फिकट रंगाच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा भरपूर असतो, त्यामुळे तो खालचं पटकन झाकतो. गडद छटेच्या बेसमध्ये तो पांढरा फार कमी घालतात, नाहीतर रंग गडद होणारच नाही. म्हणून पहिला हात मारल्यावर भिंत चट्टेपट्टे उमटल्यासारखी दिसते, रोलरचे माग दिसतात, लांबी जिथे कमी-जास्त भरली गेली आहे ते सगळं उठून येतं. दुसऱ्या हातानंतरही कोपऱ्यांत ब्रशचा आणि मधल्या भागात रोलरचा रंग वेगळा वाटत होता. मामांनी तिसरा हात मारला. इमल्शन ओलं असताना दुधाळ आणि फिकं दिसतं, वाळलं की गडद होतं. सकाळी उठून पाहिलं तेव्हा रंग रात्रीपेक्षाही खोल गेलेला होता.

आणि हॉल खरंच देखणा झाला, हे मी आजही म्हणेन. संध्याकाळी पितळी दिवा लावला की भिंत मागे सरायची आणि पुस्तकं पुढे यायची. येणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. त्या कौतुकात आतल्या खोलीकडे माझं लक्ष गेलं नाही.

आईंची खोली लहान आहे, एक खिडकी पूर्वेला, आणि समोर हातभर अंतरावर शेजारची इमारत. अशा खोलीत थेट उजेड थोडाच येतो. खोली उजळते ती भिंतींवरून परतणाऱ्या उजेडाने. रंगाने किती उजेड परत टाकला याचा एक आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात, शंभरपैकी मोजतात. फिकट छटेचा हा आकडा साठच्या आसपास होता आणि गडदचा बाराच्या. खिडकीतून शंभर भाग उजेड आला असं धरू. फिकट भिंतीवरून साठ भाग परततात, दुसऱ्या भिंतीवर आपटून छत्तीस, पुढच्या भिंतीवरून एकवीस-बावीस, असं चालू राहतं आणि सगळं मिळून खोली भरते. गडद भिंतीवरून पहिल्याच फेरीत बारा भाग परततात, दुसरीत जेमतेम दीड. तिथेच खेळ संपतो. छत पांढरं असलं तर थोडी भर पडते, पण थोडीच. हे गणित शाळेतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे आणि मी ते नंतर केलं.

आईंनी तक्रार केली नाही. हळूहळू त्या दुपारी गॅलरीत बसायला लागल्या. वर्तमानपत्र, शब्दकोडं, भाजी निवडणं, सगळं गॅलरीत. मला वाटलं, झाडाखाली बरं वाटत असेल. पोथी त्या पूर्वी संध्याकाळी स्वतःच्या खोलीत वाचायच्या, ती सकाळी वाचायला लागल्या. मला वाटलं, सकाळी मन लागत असेल. प्रत्येक बदलाला मी एक चांगलं कारण शोधून देत होते.

एका रविवारी मी त्यांच्या खोलीतली जळमटं काढत होते. खिडकी उघडी होती आणि सकाळचा उजेड भिंतीवर आडवा पडला होता. त्या उजेडात मला भिंतीवर एक पट्टा दिसला. मॅट रंगावर हात घासत राहिला की तो भाग गुळगुळीत होतो आणि चमकायला लागतो. गडद रंगावर तर तो पांढुरका दिसतो. हा पट्टा आईंच्या हाताच्या उंचीवर होता. पलंगाच्या उशापासून निघून कपाटाला वळसा घालून बाथरूमच्या दारापर्यंत गेलेला. दारापाशी, जिथे बटणांचा बोर्ड आहे, तिथे चार बोटांचे ठसे एकावर एक पडून एक धुरकट गोल झालेला होता.

आई संध्याकाळनंतर भिंत चाचपडत चालत होत्या. रोज. आमच्या घरात, पलीकडच्या खोलीत मी पुस्तक वाचत असताना.

मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं ते नीट कळत नाही गं. जमीनही कळत नाही. सवय होईल." पडल्या नाहीत, हे आमचं नशीब.

जमीन का कळत नाही याचंही उत्तर आहे. मंदावत्या उजेडात आपल्या डोळ्याला तांबडा आधी काळा पडलेला दिसतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवून ठेवलं आहे. आमची तांबूस फरशी दिवेलागणीला काळपट व्हायची, भिंत आधीच गडद, आणि दोन्ही जिथे मिळतात ती रेघच पुसली जायची. माझ्या डोळ्यांना ती दिसत होती. आईंनी ऐंशी ओलांडली आहे. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळं, धुरकट होत जातं. ऐंशीनंतर आणखी कमी. मी पन्नाशीच्या डोळ्यांनी त्यांच्या खोलीचा उजेड ठरवला होता.

त्याच सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा व्हायचा होता. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी त्यांनी मला हाक मारली, "इकडे ये, गंमत बघ." त्यांनी डावा डोळा हाताने झाकला आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "ही निळसर हिरवी आहे, मोरपिसाच्या कडेसारखी." मग उजवा झाकला. "आता तपकिरी. चहाच्या चोथ्यासारखी." दोन्ही खरं होतं. मोतीबिंदू झालेलं पिवळं भिंग निळा उजेड अडवतं. ते काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की निळा एकदम आत येतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या मोतीबिंदूवर १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर सगळं फार निळं दिसतं असं तेही म्हणत. म्हणजे मी ज्या छटेवर इतका जीव टाकला होता, ती आईंनी तोवर कधी पाहिलेलीच नव्हती. त्यांना त्या खोलीत नुसता एक काळोखा तपकिरी दिसत होता आणि तरी त्या मला छान म्हणत राहिल्या.

यानंतर खोली पुन्हा रंगवायची हे नक्की झालं. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले, आणि ते जायलाच हवे होते. या वेळी घाई केली नाही. मामांनी प्लायवुडचे दोन बाय तीन फुटांचे तुकडे आणले, त्यांना लांबी लावली, घासले, प्रायमर मारला आणि प्रत्येकावर एकेका छटेचे दोन-दोन हात मारले. कडेने बोटभर पांढरी पट्टी सोडायला सांगितली, म्हणजे शेजारच्या जुन्या गडद रंगाचा परिणाम नव्या रंगावर होऊ नये. ते तुकडे आम्ही खिडकीशेजारी, खिडकीसमोर, कपाटामागच्या कोपऱ्यात, सगळीकडे फिरवले. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला, दिवे लावून. आणि बघायचं काम आईंनी केलं. मी फक्त तुकडे धरून उभी राहायचे.

त्यांचं निरीक्षण माझ्याहून बारीक निघालं. हॉलला आधी दिलेली फिकट छटा त्यांनी लगेच बाजूला केली. तिच्याच खालची एक पायरी, हिरव्याऐवजी किंचित पिवळ्याकडे झुकणारी, त्यांना दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ सारखी दिसत होती. "ही दोन्हीकडून एकच आहे," त्या म्हणाल्या. मी आयुष्यात कुठल्याच रंगासाठी ही कसोटी ऐकली नव्हती. तीच घेतली. मॅटऐवजी हलकी झळाळी असलेलं, पुसता येणारं फिनिश घेतलं. गडदावर फिकट चढवायचा म्हणून आधी प्रायमरचा पूर्ण हात मारला. तो वाचवायचा प्रयत्न केला असता तर खालचा काळेपणा डोकावत राहिला असता.

गडद रंग मी त्या खोलीतून पूर्णपणे काढला नाही. उरलेल्या डब्यातून दाराची चौकट रंगवली आणि बटणांच्या बोर्डांमागे एकेक गडद चौकोन काढून घेतला. फिकट भिंतीवर पांढरा बोर्ड म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही. गडद चौकोनावर तो लांबूनही दिसतो. दार तर आता खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. भिंतीच्या तळाशी, फरशीला लागून, वीतभर उंचीचा गडद पट्टा द्यावा असं मला वाटलं होतं. मामा म्हणाले, फरशी तांबडी आणि पट्टा काळसर, पुन्हा तेच होईल. त्यांचं ऐकलं. भिंत फिकट राहू दिली आणि जमिनीची रेघ आपोआप उमटली. छताला पिवळसर पांढऱ्या उजेडाचे दोन दिवे लागले, पलंगाशेजारी एक.

मध्येच एक लहान चूक झाली, तीही सांगते, कारण ती पुष्कळांच्या घरी होते. हॉलच्या गडद भिंतीला कपाट सरकवताना ओरखडा पडला. मूळ डब्याचं लेबल मी टाकून दिलं होतं. दुसऱ्या दुकानात जाऊन रंगाचा पापुद्रा दाखवून तंतोतंत जुळणारा रंग करून आणला. दिवसा तो जुळला. रात्री एलईडीखाली ओरखड्याच्या जागी एक तपकिरी ठिगळ दिसायला लागलं. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनवले असले तर एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. शेवटी ती अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा मारावी लागली. आता प्रत्येक रंगाचा नंबर, बेस, फिनिश आणि तारीख मी माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवते.

हॉलमध्ये गडद रंग आता पुस्तकांमागच्या एकाच भिंतीवर आहे, आणि झाडाकडे बघणाऱ्या भिंतींना अगदी फिका, पिवळसर पांढरा आहे. झाडाचा हिरवा उजेड त्यांच्यावर पावसाळ्यात उतरतो आणि पानगळीत निघून जातो. मला हवा असलेला हिरवट राखाडी वर्षातले काही महिने आयताच मिळतो. आईंची पोथी पुन्हा संध्याकाळी, त्यांच्या खोलीत होते.

रंगाच्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. शेड कार्डावर एलआरव्हीचा आकडा छापलेला असेल तर तो गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवा, नसेल तर बघून सांगा. पट्टी घरी न्यायला द्या, आणि नमुन्याचा लहान डबा घेतल्याशिवाय मोठे डबे विकायची घाई करू नका. आणि कुणी गडद रंग मागायला आलं, तर मशीनवर नंबर टाकण्याआधी त्यांना एवढं नक्की विचारा, की त्या खोलीत दिवसभर कोण बसतं आणि त्यांचं वय काय.